मुक्ता, दोन दिवस मोकळे ठेव

प्रिय मुक्ता,

तू पाठवलेला अंदमानचा तक्ता सावकाश वाचला. डॉर्ममधली खाट, सरकारी बोट, भाड्याची सायकल, हॅवलॉक बेटावर गोविंदनगरच्या बाजारात मासे-भात. खर्च कुठे वाचवायचा हे तुला चांगलं कळतं, त्यात मी बोलणार नाही. मला बोलायचंय ते दिवसांबद्दल. आठ दिवसांत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, लाँग आयलंड, दिगलीपूर, बाराटांग, आणि शेवटच्या सकाळी नीलहून बोटीने येऊन दुपारचं विमान. एकही दिवस मोकळा नाही. कमी पैशांत फिरणाऱ्याला वेळ जास्त लागतो, आणि तू नेमका वेळच कापला आहेस.

बोटीचंच बघ. सरकारी बोट स्वस्त असते ती मुळात बेटांवरच्या लोकांसाठी असते म्हणून. शाळा, दवाखाना, बाजार, सगळ्यासाठी त्यांना तीच. तिकिटात त्यांना आधी जागा मिळते आणि ते योग्यच आहे. तुला हव्या त्या दिवशी, हव्या त्या वेळेची बोट मिळेलच असं नाही. आणि समुद्र खवळला की सगळ्याच बोटी बंद होतात, महागड्या खासगी बोटीसुद्धा. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेने हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले, शेवटी नौदलाच्या जहाजांनी त्यांना परत आणलं. जानेवारीत हवा बहुतेक शांत असते हे खरं, पण विमान बोटीसाठी थांबत नाही. शेवटची पूर्ण रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढ. बुडालेल्या विमान तिकिटाच्या पैशांत डॉर्मच्या किती रात्री निघतील, तूच हिशेब कर. (तिकिटावर स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक आणि शहीद द्वीप म्हणजे नील. पोर्ट ब्लेअरलाही २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात. जेटीवर गोंधळू नकोस.)

दुसरी गोष्ट जिवाशी आहे म्हणून नीट वाच. स्कूबासाठी तू पैसे साठवलेस, जरूर कर. पण पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासात घेताना नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. तो हळूहळूच बाहेर पडतो. त्याआधी विमानात चढलीस तर तिथल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकदाच बुडी मारली तर किमान बारा तास, एकापेक्षा जास्त वेळा मारली तर किमान अठरा तास विमान नाही. म्हणून डायव्हिंग हॅवलॉकला पोचल्या-पोचल्या उरकून घे, शेवटी ठेवू नकोस. सर्दी असेल तर करूच नकोस, पैसे भरलेले असले तरी.

तिथे घड्याळ भारताचंच आहे, पण बेटं इतकी पूर्वेला आहेत की जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो. तू हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सायकलने संध्याकाळी सहाला पोचणार असं लिहिलंयस, तेव्हा अंधार असेल. पहाटे लवकर बाहेर पड, दुपारी झोप. नीलवरचा दगडी नैसर्गिक पूल तर ओहोटीलाच गाठता येतो, आणि ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. मुक्कामाच्या घरी वेळ विचार, ते लोक अचूक सांगतील. प्रवाळावर पाय देऊ नकोस आणि मेलेला तुकडासुद्धा पिशवीत घालू नकोस, तो गुन्हा आहे. खाडीच्या तोंडाशी, तिवरांजवळ खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. वनखात्याची पाटी दिसली की पाण्यात उतरायचं नाही, बाकीचे उतरले तरी.

आता बाराटांग. हे मी तुला आग्रहाने सांगते, काढून टाक. तिथे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा ताफा करून सोडतात. थांबणं, फोटो काढणं, खायला देणं, सगळ्याला मनाई आहे. तरीही बरेच लोक चुनखडीच्या गुहांचं नाव सांगून जातात आणि खिडकीतून माणसं बघायला टपलेले असतात. १९९७ च्या सुमारास जारवा स्वतःहून जंगलाबाहेर येऊ लागले आणि दोन वर्षांत त्यांच्यात गोवराची साथ शिरली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तो आजही चालू आहे. दिगलीपूरला गाडीने जायचं तरी तोच रस्ता. तिकडच्या माणसांना त्या रस्त्याची गरज असेल, तुला नाही. लाँग आयलंड मात्र बोटीने होतं, बोट जुळली तर जा.

सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी बघ. सातपैकी तीनच इमारती उरल्या आहेत. प्रत्येकीची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे उघडतात, म्हणजे कैद्याला कैद्याचं तोंड दिसू नये. बाबाराव आणि तात्याराव सावरकर, सख्खे भाऊ, याच भिंतींत होते. गर्दीबरोबर धावू नकोस, एखाद्या कोठडीत एकटी थांब.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घे, छोट्या बेटांवर एटीएमचा भरवसा धरू नकोस. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माशा चावतात, पाय झाकणारी सुती विजार घे. फोन लागला नाही तर मी घाबरणार नाही, पण जेटी बदललीस की एक मेसेज टाकून ठेव, मिळेल तेव्हा मिळेल.

दिगलीपूर आणि बाराटांग काढलंस की दोन दिवस सुटतात. एक हॅवलॉकला दे, दुसरा परतीच्या आधी पोर्ट ब्लेअरला. त्या दोन रात्रींच्या खोलीचे पैसे मी आज पाठवते आहे, परत करायचे नाहीत. तुझ्या मैत्रिणीलाही हे पत्र दाखव आणि नवा तक्ता रविवारपर्यंत पाठव, म्हणजे परतीची बोट कधीची काढायची ते आपण फोनवर ठरवू.

तुझी,
आई