भूतानचे शुल्क आणि आपला शेजारधर्म

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीतील सहलींच्या जाहिराती सुरू झाल्या की त्यांत भूतानचे नाव दरवर्षी ठळकपणे दिसते आणि त्या नावामागोमाग एक तक्रारही हमखास ऐकू येते. भूतानमध्ये मुक्काम करणाऱ्या भारतीयाला दर रात्री माणशी १२०० रुपये ‘शाश्वत विकास शुल्क’ म्हणून भरावे लागतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ते निम्मे आहे. आईवडील आणि दहा वर्षांचे मूल असे तिघे सहा रात्री राहिले, तर हॉटेल, जेवण आणि गाडी यांचा खर्च सोडून १८ हजार रुपये नुसत्या या शुल्कापोटी जातात आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला ही रक्कम बोचावी यात नवल नाही. मात्र या तक्रारीला जोडून जी मागणी केली जाते, की भारत भूतानला एवढी मदत करतो तर आपल्या सरकारने दिल्लीहून शब्द टाकून हे शुल्क रद्द करून घ्यावे, ती मला अतिशय चुकीची वाटते. ती का चुकीची वाटते, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हे शुल्क कुणा अधिकाऱ्याच्या मनात आले म्हणून बसलेले नाही. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचा राज्याभिषेक १९७४ साली झाला आणि त्याच वर्षी भूतानने परदेशी पर्यटकांना पहिल्यांदा आपली दारे उघडली, तेव्हापासूनच ‘माणसे थोडी यावीत, पण त्यांनी देशाला चांगले उत्पन्न द्यावे’ असे तिथले धोरण आहे. पाश्चात्त्य पर्यटकाला रोजचा किमान खर्च ठरवून दिलेला असे. करोनापूर्वी तो हंगामानुसार २०० ते २५० डॉलर होता आणि त्यात हॉटेल, जेवण, वाटाड्या सगळे येई आणि त्यातूनच ६५ डॉलर सरकारकडे जात. भारत, बांगलादेश आणि मालदीव यांच्या नागरिकांना यातून पूर्ण सूट होती. त्या सुटीचा परिणाम असा झाला, की २०१९ मध्ये भूतानला ३ लाख १५ हजारांहून अधिक पर्यटक आले आणि त्यांत बहुसंख्य आपण होतो. ज्या देशाची सगळी लोकसंख्या आठ लाखांच्या आत आहे, त्याच्या अरुंद घाटरस्त्यांवर, पाण्यावर आणि कचऱ्याच्या व्यवस्थेवर या संख्येचा किती भार पडला असेल, याची कल्पना महाबळेश्वरला मे महिन्यात गेलेल्या कुणालाही करता येईल. शेवटी भूतानच्या संसदेने २०२० मध्ये कायदा करून शेजारी देशांच्या पर्यटकांनाही शुल्क लावले आणि करोनानंतर सीमा उघडल्यावर सप्टेंबर २०२२ पासून ते आपण प्रत्यक्ष भरू लागलो.

मी भूतानला दोनदा गेलो आहे, पहिल्यांदा शुल्क नसताना, २०१८ च्या मे महिन्यात, आणि दुसऱ्यांदा शुल्क भरून, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये. पहिल्या खेपेस थिंपूहून पुनाखाला जाताना दोचुला खिंडीत आमची बस थांबली. तिथे एका टेकाडावर १०८ चोर्तेन, म्हणजे लहान स्तूप, ओळींनी उभे आहेत. धुके होते, खाली पुनाखाच्या बाजूचे काही दिसत नव्हते, आणि आमच्याच बसमधील मंडळी चोर्तेनांच्या मधल्या जागेत वर्तमानपत्रे पसरून चिवड्याचे आणि दशम्यांचे डबे उघडून बसली होती. दोन तरुण एका चोर्तेनाच्या कठड्यावर पाय टेकवून फोटो काढून घेत होते. आमच्या भूतानी वाटाड्याने त्यांना काही म्हटले नाही; तो खाली वाकून उडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या गोळा करत राहिला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, भारतातून आलेला एक पर्यटक याच ठिकाणी चोर्तेनावर चढल्याची छायाचित्रे सगळीकडे पसरली आणि भूतानी लोकांनी उघडपणे संताप व्यक्त केला.

ते चोर्तेन कशाची स्मृती आहेत, हे आमच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. मलाही नंतर वाचून कळले. आसाममधील उल्फा आणि बोडो बंडखोर संघटनांनी, तसेच उत्तर बंगालमध्ये वेगळ्या कामतापूरची मागणी करणाऱ्या बंडखोरांनी, १९९० च्या दशकात दक्षिण भूतानच्या जंगलांत तळ ठोकले होते. भारताच्या सीमेत घातपात करून ते त्या तळांवर परतत. वर्षानुवर्षे समजावणीचे प्रयत्न फसल्यावर डिसेंबर २००३ मध्ये भूतानने लष्करी कारवाई केली, आणि तिचे नेतृत्व चौथ्या राजांनी स्वतः रणात उतरून केले. काही दिवसांत सगळे तळ उद्ध्वस्त झाले. त्या कारवाईत जे भूतानी सैनिक धारातीर्थी पडले त्यांच्या स्मरणार्थ तेव्हाच्या राणीसाहेबांनी दोचुलाचे हे १०८ चोर्तेन बांधवून घेतले. भारताच्या सुरक्षिततेसाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांच्या स्मारकावर आम्ही चिवड्याचे डबे उघडून बसलो होतो. ही आठवण आजही माझी मान खाली घालायला लावते.

या कारवाईचा धागा वन्यजीवनापर्यंतही जातो. भारताच्या बाजूचे मानस अभयारण्य १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरले, पण बंडाळीच्या काळात तिथे वनरक्षकांना पाऊल ठेवणे अवघड झाले, चौक्या जळाल्या, शिकार वाढली, गेंडे नष्ट झाले आणि १९९२ मध्ये युनेस्कोने मानसचे नाव ‘धोक्यातील वारसा’ यादीत टाकले. २००३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकार, आसाम सरकार आणि बोडो नेते यांच्यात करार झाला आणि वर्षअखेरीस भूतानने आपली जंगले मोकळी केली. सीमेच्या दोन्ही बाजूंना शांतता आल्यावरच २००८ पासून आसाममधीलच पोबितोरा अभयारण्यातून गेंडे आणून मानसमध्ये सोडता आले. २०११ साली मानस त्या धोक्याच्या यादीतून बाहेर पडले. नदीपलीकडे भूतानचे रॉयल मानस राष्ट्रीय उद्यान आहे आणि वाघ, हत्ती दोन्ही बाजूंना सारखेच वावरतात. राजकीय नेतृत्वाने योग्य वेळी घेतलेल्या कठीण निर्णयाने किती दूरवर फरक पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत नाही.

दुसऱ्या खेपेस मी मुद्दाम नोव्हेंबर निवडला, कारण त्या सुमारास तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच फोबजिखाच्या खोऱ्यात हिवाळ्यासाठी उतरतात. सुमारे तीन हजार मीटर उंचीवरचे ते बशीसारखे खोरे, मध्ये दलदल, तिच्यात गुडघाभर उंचीचा बांबू, कडेने बटाट्याची शेते आणि वर टेकडीवर गांग्ते गोंपा, म्हणजे बौद्ध मठ. पहाटे दव गोठलेले असताना क्रौंचांचा आवाज आधी येतो आणि पक्षी मागाहून दिसतात. मी राहिलो त्या शेतकऱ्याच्या घरात विजेचा दिवा होता, पण खोऱ्यात नजर पोहोचेल तिथवर विजेचा एकही खांब नव्हता. उडताना तारांना धडकून क्रौंच मरू नयेत म्हणून या खोऱ्यात वीज जमिनीखालून केबल टाकून आणली गेली आणि तिच्यासाठी गावकऱ्यांनी काही वर्षे वाट पाहिली. ‘पक्षी गेले तर आमच्याकडे कोण येईल?’ असे त्या घरातील आजी सहज म्हणाल्या. माझ्या मुक्कामाच्या शुल्कातून त्यांच्या गावापर्यंत नेमके किती पोहोचते ते मी सांगू शकणार नाही, पण त्या सकाळी १२०० रुपये महाग वाटले नाहीत.

या धोरणाला तिथल्या राज्यघटनेचेही पाठबळ आहे. २००८ मध्ये भूतानने लोकशाही राज्यघटना स्वीकारली आणि देशाच्या किमान ६० टक्के भूमीवर कायम वन राहिले पाहिजे, असे तिच्यातच लिहून ठेवले. ज्या राजांनी हा सगळा बदल घडवला त्यांनी २००६ मध्ये, वयाच्या अवघ्या एकावन्नाव्या वर्षी, स्वतःहून सिंहासन सोडले होते. पुढे निवडणुकांत पंतप्रधान आणि पक्ष बदलत गेले, तरी वनाचे आणि पर्यटनाचे मूळ धोरण टिकले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे सरकार बदलले की अभयारण्याच्या सीमाही हलतात.

भूतानचे सगळेच आदर्श आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या राजांच्या दूरदृष्टीचे मी वर वर्णन केले, त्यांच्याच कारकिर्दीत १९९० च्या सुमारास दक्षिणेकडील नेपाळीभाषक नागरिकांना देश सोडावा लागला. लाखाच्या घरात माणसे पूर्व नेपाळच्या छावण्यांत पंधरा-वीस वर्षे राहिली आणि त्यांतील बहुतेकांना अखेर अमेरिकेसारख्या दूरच्या देशांत आसरा घ्यावा लागला. वनाला घटनेत जागा देणाऱ्या नेतृत्वाने या माणसांना घरी जागा दिली नाही, हे भूतानचे कौतुक करणाऱ्याने विसरता कामा नये. शुल्काच्या बाबतीतही चूक झाली. २०२२ मध्ये अन्य परदेशी पर्यटकांसाठी ते एकदम रात्रीला २०० डॉलर केले, हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या पडल्या, स्थानिक व्यावसायिक हवालदिल झाले आणि वर्षभरातच सरकारला ते १०० डॉलरवर आणावे लागले. पण ती दुरुस्ती भूतानने आपल्या लोकांचे ऐकून केली, आणि ती तशीच व्हायला हवी.

इथेच दिल्लीहून शब्द टाकण्याचा प्रश्न येतो. पंडित नेहरू १९५८ मध्ये भूतानला गेले तेव्हा मोटाररस्ता नव्हता; सिक्कीममधील नथु ला खिंड ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून घोड्यांवर आणि याकांवर बसून ते इंदिराजींसह पारोला पोहोचले. भूतानने स्वतंत्र राहावे आणि आपला मार्ग आपणच निवडावा, एवढीच भारताची इच्छा असल्याचे त्यांनी तिथे जाहीरपणे सांगितले. पुढे तिबेटमधील घडामोडींमुळे ती वाट बंद झाली आणि भारताच्या सीमा रस्ते संघटनेने १९६१ पासून डोंगर फोडून सीमेवरील फुन्तशोलिंग ते राजधानी थिंपू असा रस्ता बांधला, ज्यावरून आज आपल्या बसगाड्या जातात. १९४९ च्या करारात भूतानने परराष्ट्र संबंधांत भारताचा सल्ला मानावा असे कलम होते; २००७ च्या नव्या करारात तेही आपण काढून टाकले. या समंजसपणाला तडा गेला तो जुलै २०१३ मध्ये, भूतानची निवडणूक तोंडावर असताना स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेल यांवरील भारताचे अनुदान अचानक थांबले तेव्हा. कारण तांत्रिक दिले गेले, पण थिंपूतील गृहिणींनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला, आणि दुसऱ्या खेपेसही मला एका टॅक्सीचालकाने ती गोष्ट ऐकवली. दहा वर्षे उलटून गेली होती!

चीनशी भूतानचे राजनैतिक संबंध नाहीत, पण सीमेची बोलणी १९८४ पासून चालू आहेत. २०१७ मध्ये, भूतान आणि चीन दोघेही हक्क सांगतात त्या डोकलामच्या पठारावर भारत आणि चीनचे सैन्य ७३ दिवस समोरासमोर उभे होते. २०२० मध्ये तर चीनने जागतिक पर्यावरण निधीच्या बैठकीत पूर्व भूतानमधील साकतेंग अभयारण्याच्या निधीला, तो भूभाग वादग्रस्त असल्याचे सांगून, हरकत घेतली. ज्याची सीमा अरुणाचल प्रदेशाला भिडते त्या अभयारण्यावरचा हा दावा भारतासाठीही इशारा होता. अशा शेजाऱ्याला, पर्यटकांचे रोजचे १२०० रुपये वाचावेत म्हणून, त्याच्या संसदेने केलेला कायदा मागे घ्यायला सांगणे आपल्या हिताचेही नाही.

भारत सरकारकडे काही मागायचे असेल, तर मी वेगळे मागेन. भूतानचे सध्याचे राजे जिग्मे खेसर यांनी डिसेंबर २०२३ मध्ये आसाम सीमेवरील गेलेफू इथे मोठे नवे शहर वसवण्याची घोषणा केली आणि त्याला जोडणारा कोक्राझार ते गेलेफू हा सुमारे ६९ किलोमीटरचा रेल्वेमार्ग भारत बांधणार आहे. गेलेफूच्या एका बाजूला रॉयल मानस आणि दुसऱ्या बाजूला फिब्सू अभयारण्य आहे, आणि त्या पट्ट्यातून हत्तींचे कळप सीमेच्या आरपार ये-जा करतात. सिलिगुडी ते अलीपूरद्वार मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर रेल्वेखाली किती हत्ती गेले, हे आपण पाहिले आहे. नव्या मार्गावर हत्तींच्या वाटा आधी नोंदवून तिथे उंच पूल बांधावेत, रात्रीच्या गाड्यांचा वेग बांधून द्यावा, आणि ही आखणी दोन्ही देशांच्या वनखात्यांनी एकत्र बसून करावी, यासाठी महाराष्ट्रातील खासदारांनीही संसदेत प्रश्न विचारावेत.

आपल्याकडील सहल कंपन्यांना एक विनंती आहे. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात रोजची संख्या ठरवली गेली आणि शुल्क बसले, तेव्हाही सुरुवातीला कुरकुर झाली होती. आज आपण आधी नोंदणी करून जातो. भूतानचे शुल्कही जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत न छापता एकूण रकमेत स्पष्टपणे दाखवावे, म्हणजे फुन्तशोलिंगच्या खिडकीसमोर वाद होणार नाहीत. आणि बस दोचुलाला थांबण्यापूर्वी ते १०८ चोर्तेन कुणासाठी उभे आहेत, हे पाच मिनिटे मराठीतून सांगावे.

आपला,
एक वाचक, सातारा