मामा, तुम्ही ‘मॅडमना विचारा’ म्हणत राहिलात म्हणून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात न देता असं चारचौघांत लिहितेय, कारण समोर काही बोलायला गेलं की तुम्ही “राहू द्या की मॅडम” म्हणत चहा सांगायला निघून जाता. सूनबाई फोनवर वाचून दाखवतीलच.

गुवाहाटीहून सांगलीला, आपल्या कॉलेजची ग्रंथपाल म्हणून आले तेव्हा नवरा आणि लेक तिच्या वार्षिक परीक्षेसाठी तिकडेच थांबले होते. सामानाचा ट्रक कुठेतरी अडकला होता. विश्रामबागच्या रिकाम्या खोलीत दोन बॅगा आणि एक सतरंजी, एवढाच माझा संसार. त्या संध्याकाळी मामींनी पाठवलेली शेगडी, कुकर आणि भडंगाचा डबा मी विसरणार नाही. गॅस, दूध, कॉलेजला जाणारी शेअर रिक्षा हे सगळं तुम्ही लावून दिलंत. त्याबद्दल आभार आहेतच. पण असं करणारी माणसं नशिबाने मला इतर गावांतही भेटली. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

नवीन ग्रंथपाल काउंटरवर बसली तरी मुलं तिच्या डोक्यावरून पलीकडे, जुन्या ग्रंथालय परिचराकडे बघतात. “मामा, ते जाड निळं फिजिक्सचं द्या ना.” तुम्हाला ते पुस्तक डोळे मिटून सापडतं. तरी तुम्ही म्हणायचात, “मॅडमना विचारा.” आणि मग पाठमोरे राहून, परत आलेली पुस्तकं लावता लावता, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात पुटपुटायचात, “तिसरी रांग, खालून दुसरा कप्पा.” मी संगणकात शोधल्यासारखं करायचे आणि मुलाला तेच सांगायचे. प्राचार्यांनी जुनी दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या पुस्तकांची वही, मागितली तेव्हाही “मॅडमकडं हाय” असं सांगून मोकळे झालात. ती सकाळीच माझ्या टेबलावर आणून ठेवली होतीत.

काउंटरवर लोक ज्याला विचारतात, तोच त्यांच्या लेखी ग्रंथपाल असतो. ते स्थान इतकी वर्षं तुमचं होतं आणि ते तुम्ही हळूहळू माझ्याकडे सरकवलंत. कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. नव्या माणसाला खेळवण्याची ताकद जुन्या माणसाच्या हातात असते. नोकरीच्या इतक्या वर्षांत ती कशी वापरली जाते हे मी पुरेसं पाहिलंय, म्हणून हे नीट कळतं.

आणि ते नाटकांचं कपाट! पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६. पुढे कवितेला १, नाटकाला २, कथा-कादंबरीला ३. म्हणजे नाटकं कविता आणि कादंबऱ्यांच्या मध्ये हवीत. आपल्याकडे मात्र ती दाराजवळ, वेगळ्या कपाटात. हे असं का, म्हटल्यावर तुम्ही उलट मलाच विचारलंत, “गॅदरिंगच्या आदल्या आठवड्यात पोरं येत्यात, त्येंनी कुठं हुडकायचं?” विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते याच गावात. इथे नाटकाला दाराजवळची जागा मिळाली तर ड्यूईसाहेबांनी वाईट वाटून घेऊ नये. कपाट तिथेच आहे. मी फक्त त्याची नोंद कॅटलॉगमध्ये केली.

पाण्याचं मात्र सविस्तर लिहायला हवं. ब्रह्मपुत्रेकाठी राहून आल्यामुळे ओल, कसर, बुरशी हे माझे जुने सोबती. भिजलेलं पुस्तक जबरदस्तीने उघडू नये, कडक उन्हात वाळवू नये, दोन दिवसांत काही केलं नाही तर बुरशी धरते, वेळ नसेल तर ते गोठवून ठेवावं, हे सगळं मला पाठ. तुम्ही ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, “लाइट नसतीया वो तवा.” मग पहिल्यांदा २०१९ च्या पुराचं सांगितलंत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. शहरातल्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं त्यात भिजली. आपली बरीचशी वाचली, कारण कोयनेचा विसर्ग वाढल्याचं कानावर येताच तुम्ही होस्टेलच्या मुलांची रांग जिन्यात उभी केलीत. घरी मामी एकट्या सामान माळ्यावर चढवत होत्या. हे मला मामींनी सांगितलं, अजूनही जरा रागानेच.

त्या रांगेतून आधी काय वर गेलं, हे ऐकून मी चकित झाले. सर्वात आधी दाखल नोंदवह्या, कारण त्या गेल्या तर आपल्याकडे काय होतं हेच सांगता येणार नाही. मग जुन्या मासिकांचे बांधीव खंड, जे पुन्हा मिळणार नाहीत. मग गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं, कारण ती भिजून वाळली की पानं एकमेकांना चिकटून वीट होते. पाठ्यपुस्तकं सर्वात शेवटी. “इकत मिळतंय ते मागनं.” आपत्ती व्यवस्थापनाच्या कार्यशाळांत प्राधान्यक्रम ठरवा असं सांगतात. तो तुम्ही जिन्यात उभ्या उभ्या ठरवला होता, आणि माझ्या मते त्यात बदलण्यासारखं काही नाही.

कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत ग्रंथालयाची किती माहिती भरतो आपण! एकूण पुस्तकं, नियतकालिकं, ई-जर्नल्स, रोजची वाचकसंख्या. परिचराला काय येतं, याला रकाना नाही. मला हे खटकतं. म्हणून तो पुराचा क्रम मी लिहून काढतेय, कपाटांच्या नंबरांसह, आणि वर तुमचं नाव घालणार आहे. नको म्हणू नका. प्राचार्यांची परवानगी घेतली आहे.

लेक आता इथल्या शाळेत रुळली. तिने तुमच्याकडून “हुडकून काढ” उचललंय आणि अकोल्याची आजी फोनवर हसून बेजार होते. यजमानही आले. पुढच्या रविवारी मामींना घेऊन जेवायला या, पाटवडीचा रस्सा करते. तिखट झेपेल ना, हे मात्र सांगलीकरांना विचारायलाच हवं.

आणि एक काम राहिलंय. वाचनकक्षाच्या मागची दोन कपाटं, ज्यांची किल्ली फक्त तुम्हाला लागते, त्यांतलं आधी काय हलवायचं हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही. तुम्ही मे अखेर निवृत्त होणार, पाऊस जूनमध्ये. साठा पडताळणीच्या वेळी तेवढं उरकून घेऊ.

आपली,
मॅडम