बाबांच्या झोपेबद्दल, तुम्हा दोघांना

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांचा झोपेत श्वास अडतो (स्लीप ॲप्निया) हा विषय काढला की बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात जातो. म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्हाला न विचारता मी त्यावरच्या, दातांवर बसणाऱ्या उपकरणासाठी दंतवैद्यांची वेळ घेतली आहे, येत्या गुरुवारी सकाळची. तुमचा झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट त्यांना पाठवलाय. तुमच्या झोपेच्या डॉक्टरांशी आधी बोलले, त्यांनी चिठ्ठी दिली, मगच हे केलं. रागावू नका. आधी पूर्ण वाचा.

मागच्या खेपेला मी आईच्या पलीकडे झोपले होते. तुम्हाला वाटलं मला झोप लागली, पण मी घड्याळ बघत होते. बाबा घोरत होते आणि मधेच आवाज बंद झाला. छाती हलत होती, श्वास मात्र नाही. 34 सेकंद. मग आईने झोपेतच हात लांबवून बाबांच्या खांद्याला धक्का दिला, बाबा दचकून मोठा श्वास घेत कुशीवर वळले. सकाळी आईला यातलं काही आठवत नव्हतं. तिचा हात किती वर्षं ही राखण करतोय, कोण जाणे.

लहानपणी रात्री जाग आली की मी तुमचं घोरणं ऐकायची आणि पुन्हा झोपून जायची. बाबा आहेत, मग कसली भीती! आता तो आवाज थांबला की माझ्या पोटात गोळा येतो.

रात्री मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या त्या मशीनवरून (सीपॅप) मी तुम्हाला नको तेवढं बोलले. मास्कखाली जीव घुसमटतो असं तुम्ही सांगत होतात आणि मी आपली "सवय होईल" हेच घोकत बसले. तीन मास्क बदलून झाले. मशीन अधिक गुणकारी आहे, हे मी नाकारत नाही. पण ते कपाटात पडून राहिलं तर तुमचा श्वास कोण सांभाळणार? रोज रात्रभर तोंडात राहील असं उपकरण मला त्यापेक्षा बरं वाटतं. आणि हे माझ्या मनाचं नाही. ज्यांना मशीन सोसत नाही त्यांना उपचाराविना ठेवू नका, दातांवरचं उपकरण द्या, असं अमेरिकेतल्या झोपविकारतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी 2015 साली मिळून सांगितलंय. झोपेत श्वास अडण्याचा तुमचा आकडा तासाला 22 वेळा, म्हणजे मध्यम. 30 च्या वर असता तर मी मशीनचाच हट्ट धरला असता.

यात वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन साचे असतात, तुमच्याच दातांच्या मापाचे. ते खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतात. त्याबरोबर जीभ पुढे येते आणि घशातली वाट मोकळी राहते. नळी नाही, आवाज नाही, वीज लागत नाही. चष्मा लावून झोप येईपर्यंत वाचता येईल, हवं तसं कुशीवर वळता येईल. जबडा एकदम पुढे ओढत नाहीत, काही आठवड्यांत थोडा थोडा सरकवतात. सुरुवातीला लाळ सुटेल, सकाळी दात ठणकतील, जबडा आखडेल. बहुतेकांचं हे हळूहळू कमी होतं. वर्षानुवर्षं वापरल्यावर दातांची ठेवण थोडी बदलू शकते, म्हणून तपासणीला जात राहायचं. दोन दाढा काढल्यात म्हणून नाही म्हणतील, अशी धास्ती नको. बाकीचे दात पुरेसे आणि घट्ट असले की भागतं. हिरड्या मात्र ते आधी बघतील.

आता मी सांगते ते ऐकायचं. गरम पाण्यात मऊ करून चावायचं तयार उपकरण परस्पर मागवायचं नाही. मिळालेलं उपकरण गरम पाण्याने धुवायचं नाही, वाकडं होईल. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. झोपेची गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही, तिने घसा आणखी सैल पडू शकतो. दिवसा डुलकी येते तोवर गाडीला हात लावायचा नाही, बाबा. आणि घोरणं थांबलं म्हणून "झालं बरं" म्हणू नका. श्वास आवाज न करताही अडतो. उपकरण घालून झोपेची तपासणी पुन्हा करायचीच.

आई, त्यांच्या ब्लडप्रेशरची वही मला हवी, मागच्या वर्षीचीसुद्धा. यात तुझी काहीच चूक नाही. शेजारी झोपणाऱ्याला हे कळतंच असं नाही.

मशीन परत करत नाहीये. दंतवैद्य नाही म्हणाले तर आपण पुन्हा बसून बोलू, मी आवाज चढवणार नाही. बुधवारी रात्री येते. बाबांच्या खोलीत मी झोपेन. आई, त्या रात्री तू दुसऱ्या खोलीत झोप, दार लावून. मी जागी आहे.

तुमची,
चिमी