फुगवायच्या कॉलरच्या खोक्यावरील दिशाभूल करणाऱ्या मजकुराबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: कुत्र्यांसाठीच्या ‘जखम संरक्षण संचा’तील (फुगवायची कॉलर व कडू फवारा) दाव्यावर विसंबल्यामुळे आमच्या कुत्रीचे टाके उसवल्याबाबत.

महोदय / महोदया,

आमच्या चिंगीच्या मागच्या उजव्या पायाला, घोट्याच्या जरा वर, पत्रा लागून खोल जखम झाली. डॉक्टरांनी टाके घातले आणि निक्षून सांगितले की टाके काढेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, तिची जीभ तिथे लागता कामा नये. कॉलर कुठलीही चालेल, पण तोंड पायापर्यंत पोहोचणार नाही अशी हवी, असे त्यांचे शब्द होते. तुमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे, ‘पाय, पोट, पाठ, शेपटी: कोणत्याही भागावरील जखमेचे चाटण्यापासून संपूर्ण संरक्षण’. त्यातला ‘पाय’ हा शब्द पाहूनच आम्ही हा संच घेतला. खोक्यावरच्या तक्त्यात तिच्या वजनासमोर जे माप दिले होते तेच निवडले. पत्रकात सांगितल्याप्रमाणे हवा भरली, मान आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटे जातील एवढीच जागा ठेवली. सगळे तुमच्या सूचनेबरहुकूम होते.

एका रात्री चपचप आवाजाने जाग आली. दिवा लावला तर चिंगी अंगाचे वेटोळे करून पडली होती. कॉलर जमिनीला टेकून एका बाजूने दबली होती, तिची हनुवटी उशीवर ठेवावी तशी त्या कॉलरवर आरामात टेकलेली होती आणि मागचा पाय थेट तोंडापाशी होता. बँडेज ओले होऊन खाली सरकले होते. जखमेभोवतीचे केस लाळेने चिकटून त्यांची टोके झाली होती. मधले टाके निघाले होते आणि कातडीच्या दोन्ही कडा फाकल्या होत्या. कॉलर फुटलेली नव्हती, निसटलेली नव्हती, सैलही झालेली नव्हती. ती गळ्यात जागच्या जागी होती. म्हणजे हा एखाद्या सदोष नगाचा प्रश्न नाही. तुमची वस्तू जशी बनवली आहे तशी पूर्ण शाबूत असताना हे घडले, आणि म्हणून हे पत्र केवळ पैसे परत मागण्यापुरते नाही.

फुगवलेली गोल कॉलर काम कशी करते, ते तुम्हाला मी सांगण्याची गरज नसावी. ती मान वळू देत नाही, एवढेच. तिची जाडी जेवढी, तेवढाच अडथळा. तोंडाच्या पुढे ती येत नाही, त्यामुळे नाक आणि जीभ मोकळीच राहतात. आखूड तोंडाच्या, जाड मानेच्या कुत्र्याच्या पाठीवर किंवा कुशीवर जखम असेल तर ही कॉलर चांगली उपयोगी पडते, हे मी मान्य करते. पण चिंगीसारखी लांब तोंडाची, सडपातळ, लवचीक कुत्री मान वळवतच नाही. ती पाय पुढे आणते. मागचा पाय आणि पंजे यांच्यासाठी ही कॉलर पुरत नाही, हे आमच्या डॉक्टरांनी ती पाहताक्षणी सांगितले. जी गोष्ट डॉक्टरांना एका नजरेत कळते, ती रोज हीच वस्तू बनवणाऱ्यांना ठाऊक नसेल, हे मला पटत नाही.

दुसरा दोष तुमच्या मापाच्या तक्त्यात आहे. तो फक्त वजनावर आधारलेला आहे. ८ किलोचा पग आणि ८ किलोचा डॅशहंड डोळ्यांसमोर आणा. एकाचे तोंड जवळजवळ सपाट, मान आखूड. दुसऱ्याचे तोंड निमुळते आणि पाठ लांबलचक. तुमच्या तक्त्यानुसार दोघांना एकच कॉलर! कॉलरच्या मापासाठी दोन आकडे लागतात. एक मानेचा घेर, दुसरे पट्टा बसतो तिथून नाकाच्या शेंड्यापर्यंतचे अंतर. डोक्याभोवती येणारा प्लास्टिकचा शंकूसारखा कोन निवडताना तो नाकाच्याही पुढे काही सेंटीमीटर यायला हवा, असे बघतात. साध्या शिवणकामाच्या टेपने मिनिटभरात ही मापे घेता येतात. तुमच्या खोक्यावर, पत्रकावर कुठेही ती मागितलेली नाहीत.

आता फवाऱ्याबद्दल. बाटलीवर तुम्ही अभिमानाने छापले आहे की यात जगातला सर्वांत कडू पदार्थ आहे. डिनाटोनियम बेंझोएट हा खरोखरच तसा पदार्थ आहे. १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये, बधिरीकरणाच्या औषधांवर काम चालू असताना तो हाती लागला. लहान मुलांनी किंवा जनावरांनी चुकून पिऊ नये म्हणून विषारी द्रावणांत तो मिसळतात. पण माणसाला जे असह्य कडू लागते ते प्रत्येक कुत्र्याला तितकेच लागेल असे नाही. माणसाच्या मानाने कुत्र्याच्या जिभेवर चव कळणाऱ्या कळ्या फारच कमी असतात. काही कुत्री एका चाटण्यात मागे फिरतात, काही त्या चवीसकट चाटत राहतात. चिंगीने बँडेजवरचा फवारा चाटून संपवला. एवढ्यावर मी तक्रार केली नसती.

माझा खरा आक्षेप पुढच्या ओळीला आहे. ‘जखमेवर व भोवती दिवसातून तीन वेळा फवारावे,’ असे बाटलीवर लिहिले आहे आणि घटकांच्या यादीत, अगदी बारीक टायपात, अल्कोहोल आहे. उघड्या जखमेवर अल्कोहोल मारले की काय होते हे ज्याला कधी खरचटले आहे त्या प्रत्येकाला माहीत आहे. ते झोंबते. शिवाय नव्याने भरून येणाऱ्या नाजूक पेशींना ते मारक ठरते. जी जागा झोंबते तीच कुत्रे जास्त चाटते. म्हणजे चाटणे थांबवण्यासाठी विकलेली वस्तू सांगितल्याप्रमाणे वापरली तर ती चाटायला भाग पाडेल. आम्ही फवारा फक्त बँडेजच्या बाहेरून मारला, कारण डॉक्टरांनी जखमेला त्यांच्या औषधाखेरीज काहीही लावू नका असे बजावले होते. पण तुमची बाटली विकत घेणाऱ्या प्रत्येकाला असे कोणी बजावले असेलच असे नाही.

पत्रकात आणखी एक वाक्य आहे, ‘रात्री आरामासाठी कॉलर काढून ठेवता येते.’ हे वाक्य कोणी लिहिले? दिवसा घरातले कोणी ना कोणी लक्ष ठेवते, ओरडते, हात मध्ये घालते. रात्री सगळे झोपतात आणि कुत्र्याला दुसरा उद्योग नसतो. टाके उसवायला फार वेळ लागत नाही. त्यातही जखम भरू लागली की तिथे खाज सुटते, म्हणजे वरून सगळे छान दिसू लागते तेव्हाच चाटण्याची ओढ वाढते. बाहेरून मिटलेली जखम आतून तेव्हा कच्चीच असते. दोन आठवड्यांनी टाके निघतात तेव्हादेखील त्या कातडीला मूळच्या ताकदीचा लहानसा हिस्साच आलेला असतो, आणि पुढे कितीही महिने गेले तरी ती पूर्ववत होत नाही, फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. पोटावर शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या कुत्रीच्या मालकाने तुमचे हे वाक्य प्रमाण मानून रात्री कॉलर काढली, तर तिथे टाके उसवणे जिवावर बेतू शकते.

तुमच्या ग्राहक सेवेशी बोलले तेव्हा मिळालेले उत्तरही नमूद करते. ‘मॅडम, कुत्र्याच्या लाळेत जंतुनाशक गुण असतात, थोडं चाटलं तर जखम लवकरच भरते. आणि वापरलेला माल आम्ही परत घेत नाही.’ लाळेत काही जंतूंना मारणारे घटक असतात हे अर्धसत्य आहे. त्याच तोंडात पाश्चुरेला, स्टॅफिलोकॉकस अशा अनेक जंतूंचा मुक्काम असतो आणि ते उघड्या जखमेत गेले की पू होतो. खरखरीत जिभेने नवी आलेली पातळ कातडी खरवडली जाते, धागा ओढला जातो, सतत ओली राहून भोवतालची त्वचा मऊ पडून सडू लागते. पायाच्या खालच्या भागावर तर हीच सवय पुढे जडते आणि जाड, केस गेलेला, चिघळणारा चट्टा उरतो. त्याला लिक ग्रॅन्युलोमा म्हणतात आणि तो बरा करणे मूळ जखमेपेक्षा अवघड असते. चाटू न देण्यासाठीच वस्तू विकणाऱ्या कंपनीने ‘थोडं चाटलं तर चालतं’ असे ग्राहकाला सांगावे, याचा मला मनस्वी संताप आला, आणि अजून तो गेलेला नाही.

चिंगीची जखम दुसऱ्यांदा शिवता आली नाही. कडा दूषित झाल्याने डॉक्टरांनी ती उघडी ठेवून आतून भरू देण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी वारंवार ड्रेसिंग, प्रतिजैविके, आणि प्रत्येक ड्रेसिंगच्या वेळी चिकटलेली पट्टी ओली करून सोडवताना तिचे कण्हणे. तिचा पाय मी धरून बसते, ती माझ्या हाताला तोंड लावते पण चावत नाही. आता तिला डॉक्टरांनी मापून दिलेला पारदर्शक प्लास्टिकचा कोन आहे. पहिल्या दिवशी ती दारांना आपटली, मग शिकली. भांडे जरा उंचावर ठेवले की जेवते, पाणी पिते, त्यातच झोपते. त्या कोनातून तिचे तोंड पायापर्यंत पोहोचत नाही आणि जखम आता गुलाबी होऊन कडेने भरते आहे. तुमच्या जाहिरातीत अशा कोनाला ‘क्रूर आणि कालबाह्य’ म्हटले आहे. ज्याने तिला वाचवले त्याला क्रूर म्हणण्याआधी तुम्ही विचार करायला हवा होता.

संचाची पूर्ण रक्कम, तसेच टाके उसवल्यानंतर झालेला उपचारांचा खर्च कंपनीने भरून द्यावा, ही माझी मागणी आहे. डॉक्टरांच्या नोंदी आणि बिले सोबत जोडली आहेत. पण त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते खोक्यावरचा मजकूर बदलणे. ‘कोणत्याही भागावरील’ हे शब्द काढा. ही कॉलर कुठल्या जखमांना पुरते आणि मागचे पाय, पंजे व शेपटी यांना का पुरत नाही, ते चित्रासह छापा. माप मानेच्या घेरावर आणि नाकापर्यंतच्या लांबीवर द्या. बाटलीवरून ‘जखमेवर’ हा शब्द खोडून ‘फक्त बँडेजच्या बाहेरून’ असे लिहा, आणि अल्कोहोलचा उल्लेख डोळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरांत करा. रात्री कॉलर काढण्याचे वाक्य तर आजच्या आज रद्द करा. दुकानांत पडून असलेल्या खोक्यांवर निदान दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवता येईल, आणि ज्यांनी हा संच तुमच्याकडून थेट मागवला त्यांचे पत्ते तुमच्याकडे आहेतच, त्यांना कळवता येईल.

उत्तर लेखी हवे, आणि ते तुमच्या उत्पादनाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीच्या सहीचे हवे. कॉलर, उरलेली बाटली आणि खोके मी जपून ठेवले आहे. तुमच्या माणसाला तपासणीसाठी ते पाहायचे असेल तर येण्याआधी कळवावे.

आपली,
एक ग्राहक

सोबत: खरेदीची पावती, खोक्याची व बाटलीची छायाचित्रे, उसवलेल्या जखमेची छायाचित्रे, डॉक्टरांच्या नोंदी व बिले.