एक वही, चार पोरं

पुणे, रविवार रात्र

प्रिय मन्या,

तुझा मेल बुधवारीच आला होता, पण या आठवड्यात मान वर करायला फुरसत मिळाली नाही. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस. पुढच्या वेळी नक्की लिही.

तुझं गाऱ्हाणं कळलं. धरणाच्या पाणीपातळीचा ज्युलिया या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम रात्रभर चालतो, लॅपटॉपला आठ कोअर (एकाच वेळी वेगवेगळी कामं करू शकणारे प्रोसेसरचे भाग) आहेत, आणि राबतोय एकटाच. बाकीचे सात पाय पसरून बसलेत. ज्युलियाला आपण सांगितल्याशिवाय ती तुझा लूप (तेच काम फेऱ्याफेऱ्यांनी करणारा भाग) एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, चालवते. सुरू करतानाच ‘--थ्रेड्स=8’ असं दे. ज्युलियाच्या 1.5 आवृत्तीपासून ही सोय आहे, त्याआधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामच्या बाहेर ठेवायची सेटिंग) लावावं लागायचं. आत गेल्यावर ‘थ्रेड्स.एनथ्रेड्स()’ विचारून खात्री करून घे. मग लूपच्या फॉरआधी ‘@थ्रेड्स’ लिहिलं की फेऱ्या आठ जणांत वाटल्या जातात.

एवढंच वाचून मी पहिल्या दिवशी उड्या मारल्या आणि तोंडावर आपटलो. ते ऐक.

सरावाला म्हणून मी गणितातला पाय (π) काढायला घेतला. चौकोनात वाटेल तसे 10 कोटी बिंदू टाकायचे, त्यातले पाव वर्तुळात किती पडले ते मोजायचं, त्याला एकूण बिंदूंनी भागायचं आणि 4 ने गुणायचं. साध्या लूपमध्ये 3.1415 च्या आसपास उत्तर आलं. फॉरआधी ‘@थ्रेड्स’ चिकटवलं, चार थ्रेड दिले, आणि पाय आला 1.3. पुन्हा चालवला तर 0.9. वर आणखी मजा म्हणजे वेळ आधीपेक्षा कैक पट जास्त! मी अर्धा तास सूत्र तपासत बसलो होतो.

आपल्या गल्लीतल्या गणपतीची वर्गणी आठव. समज, वही एकच आहे आणि पोरं चार. वहीत 5,400 लिहिलेत. तू आकडा वाचलास आणि 100 मिळवायला लागलास. तेवढ्यात मीही तोच 5,400 वाचला आणि 500 मिळवले. तू 5,500 लिहिलेस, त्यावर मी 5,900 लिहिले. तुझे 100 गेले. चोरी कुणीच केली नाही, तरी हिशेबात खोट. ‘मोजणी += 1’ ही एक ओळ दिसते, पण आत ती वाचा, मिळवा, लिहा अशी तीन कामं असतात, आणि दोन थ्रेड त्या तिघांच्या मध्ये एकमेकांच्या पायात येतात. याला रेस कंडिशन म्हणतात. एरर येत नाही, प्रोग्राम गुमान चुकीचं उत्तर देतो, म्हणून हा प्रकार मला जास्त घातक वाटतो. आणि वेळ का वाढला? ‘@थ्रेड्स’ हा मॅक्रो (आपला कोड बदलून देणारी आज्ञा) लूपचं अंग एका क्लोजरमध्ये, म्हणजे बाहेरची व्हेरिएबल वापरणाऱ्या छोट्या फंक्शनमध्ये, गुंडाळतो. बाहेरचं व्हेरिएबल आत बदललं की ज्युलिया त्याला एका डब्यात ठेवते, आणि डब्यातल्या वस्तूचा टाइप (ती पूर्णांक आहे की आणखी काही) तिला आधी ठाऊक नसतो. प्रत्येक फेरीला डबा उघडा, टाइप बघा, नवा आकडा आत ठेवा.

मग मी ॲटॉमिक मोजणी लावली, म्हणजे वाचा-मिळवा-लिहा हे एका दमात, मध्ये दुसऱ्याला येऊ न देता. उत्तर चोख आलं, पण वेळ एकट्या थ्रेडपेक्षाही जास्त. साहजिक आहे, वही एकच असली तर चौघं तिच्यापुढे रांगेत उभे राहणार.

शेवटी जमलं ते असं: प्रत्येकाला स्वतःचं पावतीपुस्तक. बिंदूंचे चार तुकडे केले, प्रत्येक तुकडा ‘@स्पॉन’ या आज्ञेने वेगळ्या टास्कला (थ्रेडवर चालणाऱ्या स्वतंत्र कामाला) दिला, फंक्शनच्या आत आपापली मोजणी ठेवली आणि अखेरीस चार आकड्यांची बेरीज. साडेतीन पट वेग मिळाला. पावतीपुस्तकं ॲरेत (खणांच्या रांगेत) ठेवून ‘थ्रेडआयडी()’ने, म्हणजे थ्रेडच्या नंबराने, उघडायची, असा सल्ला जुन्या लिखाणात सापडेल, तो घेऊ नकोस. ज्युलिया 1.7 पासून टास्क मध्येच एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. म्हणजे पुस्तकावर पोराचं नाव घालायचं सोडून खुर्चीचं नाव घातल्यासारखं होतं, आणि पोरं खुर्च्या बदलतात. शिवाय ॲरेतले आठ बाइटचे शेजारी आकडे सहसा 64 बाइटच्या एकाच कॅशलाइनमध्ये (कोअर आपल्याजवळच्या मेमरीत एका वेळी आणतो तो तुकडा) बसतात, त्यामुळे उत्तर बरोबर आलं तरी कोअर ती लाइन एकमेकांकडून खेचत राहतात.

आता तुझा प्रोग्राम. तू ‘@थ्रेड्स’ 365 दिवसांच्या लूपला लावायला निघाला होतास. तिथे ते चालणारच नाही. आजची पातळी कालच्या पातळीवरून निघते, मग कालचा दिवस संपायच्या आत आजचा कसा सुरू करणार? पण बाहेरचा लूप, पावसाच्या 10,000 शक्यतांचा, त्यातल्या एकीला दुसरीशी देणंघेणं नाही. मॅक्रो तिथे लाव. ‘निकाल[i]’मध्ये प्रत्येक फेरी आपल्याच खणात लिहिते, तेही ठीक. घोळ आहे तुझ्या बाविसाव्या ओळीत. 365 खणांचा ‘पातळी’ ॲरे तू लूपच्या बाहेर एकदाच बनवलायस. आठही थ्रेड त्याच ॲरेवर खरडतील, एकाच्या जुलैवर दुसऱ्याचा जुलै. ती ओळ बाहेरच्या लूपच्या आत घे.

आठ कोअर म्हणजे आठपट वेग असं मात्र धरू नकोस. फाइल वाचणं वगैरे एकट्यानंच करायचं काम दहा टक्के असेल, तर आठ थ्रेडवर हिशेबाने 4.7 पटच मिळते. आणि सरासरीचा शेवटचा दशांश हलला तर घाबरू नकोस. 0.1 आणि 0.2 आधी मिळवून त्यात 0.3 घातले तर संगणक 0.6000000000000001 सांगतो, आणि 0.2 व 0.3 आधी मिळवले तर नुसता 0.6. बेरजेचा क्रम बदलला की एवढं चालायचंच.

आधी 100 शक्यतांवर चालव, एकदा एका थ्रेडवर आणि एकदा आठांवर, आणि दोन्ही निकाल मला पाठव. बावीस नंबरची ओळ हलवायच्या आधीचेही पाठव, मला बघायचंय तुझं धरण किती वेळा फुटतं ते.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या