चिठ्ठीवर नुसतं ‘काउन्सेलिंग’ लिहून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राजारामपुरीत माझं मेडिकलचं दुकान आहे. मानसोपचाराच्या चिठ्ठ्या रोज हातातनं जातात आणि एक गोष्ट सारखी बघतीय. वर दोन-तीन गोळ्या लिहिलेल्या असतात आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात ‘काउन्सेलिंग’. गोळ्या लोक घेऊन जातात, खालची ओळ तशीच राहते. विचारलं तर म्हणतात, ताई, नुसतं बोलून काय होतंय, घरात बोलतोयच की आम्ही. यात त्यांचा काय दोष, ते बोलणं म्हणजे नक्की काय, कुणाकडं जायचं, किती दिवस, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

माझ्या दाजींचं सांगते, त्यांना विचारूनच लिहितीय. २०१९ च्या महापुरात व्हीनस कॉर्नरकडचं त्यांचं दुकान पाण्यात गेलं, २०२१ ला परत तेच. नंतर जून उजाडला की छातीत धडधड, हातपाय गार, ईसीजी काढला तर नॉर्मल. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर आलं की इशारा आणि ४३ फुटांवर आलं की धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ आहे, पण दाजी पाणी वीस फुटांच्या खाली असतानाही रात्री उठून मोबाईलवर पातळी बघायचे. आम्ही घरच्यांनी, मित्रांनी, तालमीतल्या लोकांनी सगळ्यांनी समजावलं की काय होत नाही, मनावर घेऊ नका, पण तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि तासाभरात परत मोबाईल हातात.

शेवटी ज्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडं गेले त्यांनी ‘काळजी करू नका’ असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी वहीत रकाने आखायला लावले, काय घडलं, मनात काय आलं, ते शंभरातलं किती खरं वाटलं, त्याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय आणि आता किती खरं वाटतंय. एक नोंद दाजींनी मला दाखवली. ‘पाऊस लागला, दुकान जाणार, ९०.’ पुढं त्यांच्याच अक्षरात, ‘पातळी १८ फूट, माल वरच्या फळीवर हलवलाय’, आणि शेवटच्या रकान्यात ‘३५’. पातळी दिवसातनं दोनदाच बघायची असं ठरलं, आणि पंचगंगा घाटावर जाऊन उभं राहायचं, आधी उन्हात, मग पावसात, धडधडायला लागलं तरी लगेच पळून यायचं नाही, ती धडधड आपोआप उतरते हे स्वतः अनुभवायचं. आठवड्यातनं एकदा पाऊण तास बसणं आणि मधल्या दिवसांत घरचा अभ्यास, असं काही महिने चाललं. याला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणजे सीबीटी म्हणतात, आणि घरात आम्ही बोलत होतो त्यात आणि यात काय फरक आहे ते मला त्या वहीवरनं कळलं. आम्ही धीर देत होतो, त्या बाई त्यांना भीती तपासायला शिकवत होत्या.

हे काय कालपरवाचं खूळ नाही. १८८० च्या सुमाराला व्हिएन्नात ब्रॉयर नावाच्या डॉक्टरांच्या एका पेशंट बाईंना मनातलं बोलल्यावर आराम पडायचा आणि ‘बोलण्याचा इलाज’ हे नाव त्या बाईंनीच दिलं, त्यातनं पुढं फ्रॉईडचं मनोविश्लेषण उभं राहिलं, त्यात लहानपण, दाबून टाकलेल्या गोष्टी, स्वप्नं उकलायची, आणि ते वर्षानुवर्षं चालायचं. नंतर त्याच मनोविश्लेषणात तयार झालेले दोघं त्यातनं बाहेर पडले, अल्बर्ट एलिस १९५५ मध्ये आणि ॲरन बेक १९६० च्या दशकात, आणि त्यांनी आज मनात काय विचार चाललाय त्यावर भर दिला, दाजींची सीबीटी त्यातनंच आली. कार्ल रॉजर्स यांची तऱ्हा आणखी वेगळी, थेरपिस्ट सल्ला देणारच नाही, पेशंटला नीट ऐकून घेऊन त्याची वाट त्यालाच सापडू द्यायची. आपल्या महाराष्ट्रात तर कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी पत्रव्यवहार करून त्यांची पद्धत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावानं रुजवली, मराठीत लिहिलं, शिकवलं, तरी आपल्याकडं अजून ‘नुसतं बोलून काय होतंय’ चालूच आहे.

आता गोळ्यांचं. मी गोळ्या विकते म्हणून नाही, पण गोळ्यांना नावं ठेवणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारख्या गंभीर मानसिक आजारांत औषध हा मुख्य आधार, तिथं बोलणं जोडीला लागतं पण औषधाच्या जागी नाही. साध्या ते मध्यम डिप्रेशनला, पॅनिकला म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांना, मंत्रचळेपणाला म्हणजे तेच ते विचार आणि तीच ती कृती परत परत होण्याला, थेरपीनं चांगला गुण येतो, त्रास जास्त असेल तर दोन्ही मिळून. डिप्रेशनच्या गोळीचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात हे न सांगितल्यामुळं कितीतरी लोक आठव्या दिवशी ‘काय फरक नाही’ म्हणून बंद करतात. आणि झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलम बिनचिठ्ठीचं मागायला येणाऱ्यांना मी परत पाठवते, त्याची सवय लागते आणि ते शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा औषधांच्या सरकारी यादीत आहे, रजिस्टरला नोंद ठेवावी लागते.

कोण काय करतं तेही लोकांना माहीत नाही. सायकिॲट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिकलेले डॉक्टर, ते गोळ्या देऊ शकतात, थेरपीही करू शकतात पण ओपीडीच्या गर्दीत तेवढा वेळ मिळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, ते तपासण्या आणि थेरपी करतात आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते, तो नंबर बिनधास्त विचारा, खरा माणूस रागवत नाही. काउन्सेलर ही पाटी मात्र कुणीही लावतंय, चांगले शिकलेलेही आहेत आणि दोन दिवसांचा ऑनलाईन कोर्स केलेलेही. हॉलमध्ये पाचशे माणसं बसवून टाळ्या वाजवायला लावणारं मोटिव्हेशनल शिबिर ही थेरपी नव्हे, आणि अंगारे-धुपारे करणाऱ्याकडं महिने घालवून मग पेशंट आणणारे लोक बघितले की जीव तुटतो. थेरपिस्ट तुमचं गुपित ठेवतो, तशी गोपनीयता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे. जिवाला धोका असेल तेव्हा सांगता येतं, असे मोजकेच अपवाद.

त्याच कायद्यात विम्यानं मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचा असंही आहे, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावर पैसे देतात आणि थेरपीला कोण ॲडमिट होतंय, मग दर आठवड्याची फी खिशातनं. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात थेरपी कुठल्या वारी, कुठल्या खोलीत, कोण करतं याचा मोठा मराठी फलक दारातच लावावा आणि या कामासाठी माणसं वाढवावीत, ही माझी प्रशासनाला विनंती. मनाच्या त्रासावर मदत करणाऱ्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, तो नंबर आपण पेपरात पहिल्या पानावर छापत जावा.

आणि डॉक्टर मंडळींना हात जोडून सांगते, गोळी लिहिताना तुम्ही सकाळी किती, रात्री किती, किती दिवस हे सगळं लिहिता. तसंच खालच्या ओळीतही लिहा, कुठली थेरपी, कशासाठी, साधारण किती आठवडे आणि कुणाकडं. पेशंट दुकानात येऊन मलाच विचारतात हो, आणि ते सांगायचा अधिकार माझा नाही.

आपली,
एक औषध विक्रेती, राजारामपुरी, कोल्हापूर