खाजवू नको म्हणणं सोपंय, पण मग करायचं काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

डास वाढले की पेपरात फवारणी, साचलेलं पाणी, डेंग्यू यावर भरपूर छापून येतं आणि ते यायलाच पाहिजे, पण चावून झाल्यावर जी खाज सुटते तिच्याबद्दल कोणी दोन ओळी लिहीत नाही. मग लहान पोरं रात्रभर खाजवतात आणि सकाळी बघावं तर चादरीवर रक्ताचे ठिपके.

डास चावतो तेव्हा त्याची लाळ कातडीत जाते, शरीर तिला विरोध करतं, हिस्टामाइन नावाचं खाज आणणारं रसायन सुटतं आणि गांध उठते. खाजवलं की घटकाभर बरं वाटतं पण सूज अजून वाढते, म्हणून परत खाज, परत नखं, आणि एकदा कातडी सोलली की जंतू शिरून पू होतो. माझं तर स्पष्ट मत आहे की चाव्यापेक्षा नखंच जास्त घात करतात, त्यामुळे मुलांची नखं आधी कापा.

चावलेली जागा साबणाने धुवून थंड पाण्याची पट्टी 10 मिनिटं ठेवा, बर्फ असेल तर कापडात गुंडाळून, नुसता लावायचा नाही. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं, खाज परत आली तर पट्टी परत ठेवायची. नाहीतर कॅलामाइन लोशन आहे, खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून लावला तरी काहींना आराम पडतो. खूपच खाज असेल तर सेट्रिझिनची, म्हणजे ॲलर्जीची गोळी, पण मुलांना डोस डॉक्टरांना विचारूनच, आणि तिने झोप येऊ शकते. टूथपेस्ट, रॉकेल असलं काही मात्र चोळू नका, कातडी आणखी चिडते. आणि कुणाची तरी उरलेली स्ट्राँग स्टिरॉइडची ट्यूब तर अजिबात नको, ती सारखी लावून कातडी पातळ होते.

गांध दुसऱ्या दिवशी जरा मोठी दिसली तर लगेच घाबरायचं कारण नाही, असं होतं. पण लाली पसरत चालली, जागा गरम लागून ठणकायला लागली, पू किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा, आणि ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली तर एक मिनिटही न थांबता दवाखाना गाठा.

तुमच्या आरोग्य पुरवणीत त्वचेच्या डॉक्टरांकडून हे सगळं नीट लिहून घ्या ना, आणि अगदी तान्ह्या बाळांना काय लावायचं काय नाही ते त्यात जरूर असू द्या, आयांना त्याचीच सगळ्यात जास्त काळजी असते.

आपली एक वाचक